सहावी ते आठवीतली मुलं अभ्यासाला ‘नको’ का म्हणतात? इगतपुरी तालुक्यात मिळणारं उत्तर

ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिक जिल्हा परिषदेच्या दारात एक वेगळाच मोर्चा आला. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळकरी मुलं पालकांसोबत आली होती आणि त्यांनी बकऱ्याही आणल्या होत्या. वस्तीवरची शाळा बंद करून त्यांना दुसऱ्या शाळेत जायला सांगण्यात आलं होतं. मुलांचं म्हणणं सरळ होतं. शाळा देणार नसाल तर दप्तरं परत घ्या आणि बकऱ्या द्या, निदान त्या तरी राखू.

त्याआधी सप्टेंबरमध्ये याच तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीची बातमी राज्यभर गाजली होती. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी एवढ्या मोबदल्यात इथली मुलं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला पाठवली गेली होती. त्यांतल्या दहा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला आणि प्रकरण उघडकीला आलं. श्रमजीवी संघटनेनं ते लावून धरलं, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं दखल घेतली, वेठबिगारीचे गुन्हे दाखल झाले.

एकाच वर्षी, एकाच तालुक्यात काही मुलं शाळा मागायला बकऱ्या घेऊन निघतात आणि काही मुलं शाळा सोडून खरोखर मेंढ्यांमागे जातात. आणि याच तालुक्यात, राज्यातल्या कुठल्याही तालुक्यात ऐकू येतं तसं, शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य ऐकू येतं: ‘या मुलांना शिकायचंच नाही हो.’ हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा सहावी, सातवी, आठवीच्या वर्गांबद्दल बोललं जातं. ते कितपत खरं आहे?

याच वर्गांत काय बिघडतं?

शिक्षण हक्क कायद्याच्या भाषेत सहावी ते आठवी म्हणजे ‘उच्च प्राथमिक’. मुलाचं वय साधारण ११ ते १४. याच काळात आवाज फुटतो, पाळी सुरू होते, उंची वाढते आणि आपण इतरांना कसे दिसतो याचा विचार दिवसभर डोक्यात असतो. तिसरीतल्या मुलाला फळ्यावर बोलावलं आणि चुकलं, तर ते हसून जागेवर जातं. सातवीतलं मूल ती चूक आठवडाभर बाळगतं.

नेमकी याच वेळी शाळाही बदलते. इगतपुरीच्या बऱ्याच वाड्यांवर शाळा चौथी-पाचवीपर्यंतच असते. पुढे मोठ्या गावातली शाळा, आश्रमशाळा किंवा नातेवाइकांकडे राहणं. कायद्याचा हिशेबच वेगळा आहे. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरपर्यंत चालते. मैदानावरचे तीन किलोमीटर आणि जुलैमध्ये ओढा ओलांडून जायचे तीन किलोमीटर यांत फरक आहे, तो कायद्याच्या पट्टीला दिसत नाही.

वर्गातही एका बाईंच्या जागी तासागणिक वेगळे शिक्षक येतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एक्लेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या विसंगतीवर बोट ठेवलं होतं. ज्या वयात मुलाला थोडं स्वातंत्र्य आणि घराबाहेरचं एखादं विश्वासाचं मोठं माणूस हवं असतं, त्याच वयात शाळा जास्त कडक आणि जास्त परकी होते. मग ज्याला ‘वयाचा दोष’ म्हणतात, त्यातला बराच भाग वय आणि शाळा यांचा सांधा न जुळण्याचा असतो.

मुलाच्या डोक्यातला हिशेब

कुठल्याही कामाला हात घालण्याआधी माणूस मनात दोन प्रश्न विचारतो. हे मला जमेल का? आणि जमलं तर त्याचा मला उपयोग काय? एक्लेस आणि ॲलन विगफिल्ड यांनी अभ्यासाच्या इच्छेची मांडणी याच दोन प्रश्नांवर केली. दोन्हींची उत्तरं ‘हो’ असली तर मूल न सांगता बसतं. एकाचं जरी ठाम ‘नाही’ असलं, तर भाषण, बक्षीस, छडी कशाचाच फार काळ उपयोग होत नाही.

इगतपुरीसारख्या तालुक्यात तिसरा प्रश्नही असतो, तो कुठल्या पुस्तकात नसला तरी. महिना-दोन महिने बाहेर राहून परत आलो, तर वर्गात माझी जागा असेल का?

‘जमेल का?’

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत मुलांच्या घरी जाऊन त्यांना साधा मजकूर वाचायला आणि साधी गणितं करायला देतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या साधारण ७१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचता आला. म्हणजे दहातल्या जवळपास तिघांना नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्याहून कमी मुलांना जमलं, सुमारे ४६ टक्के. हे आकडे देशभराचे आहेत, इगतपुरीचे नव्हेत. पण जिथे घरात पुस्तक नाही आणि वर्षातले अनेक दिवस शाळा बुडते, तिथे परिस्थिती याहून बरी असेल असं मानायला काही आधार नाही.

आता सातवीच्या वर्गात बसलेल्या अशा मुलाची जागा घेऊन पाहा. विज्ञानाच्या धड्यात ‘सांद्रीभवन’ येतं. इगतपुरीतल्या मुलानं चार महिने धुकं अंगावर घेतलेलं असतं, पत्र्यावरून गळणारे थेंब पाहिलेले असतात. त्याला ते माहीत असतं, फक्त तो शब्द त्याचा नसतो. घरात ठाकरी, कातकरी किंवा महादेव कोळ्यांची बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी. वाचनच अडखळत असेल, तर धड्यातला प्रत्येक तास हा ‘मला येत नाही’ याची नवी आठवण ठरतो. रोज पाच-सहा तास.

अशी मुलं नेहमी दंगाच करतात असं नाही. बरीचशी अगदी शांत असतात आणि फळ्यावरचं सुरेख अक्षरात उतरवून घेतात. वही तपासली तर भरलेली, शाईत, समास आखलेला. त्याच वहीतली ओळ वाचायला सांगितली तर मान खाली. उतरवून घेणं म्हणजे लिहिणं नव्हे, हे पालकांना उशिरा कळतं आणि कधीकधी शाळेलाही.

दंगा करणाऱ्यांमागेही एक शहाणपण असतं. प्रयत्न करून नापास झालेलं मूल ‘ढ’ ठरतं. प्रयत्नच न करता नापास झालेलं मूल ‘मस्तीखोर’ ठरतं, ‘डोकं आहे पण अभ्यास करत नाही’ असं त्याच्याबद्दल म्हणतात. तेरा वर्षांच्या मुलाला यातलं कुठलं लेबल परवडतं, हे सांगायला नको. मार्टिन कव्हिंग्टन या मानसशास्त्रज्ञानं हीच गोष्ट स्वतःची किंमत राखण्याची धडपड म्हणून मांडली. वही विसरणं, पेन नसणं, नेमकं परीक्षेच्या दिवशी पोट दुखणं, हा सगळा त्या धडपडीचाच भाग असू शकतो.

आवणी, सोंगणी आणि भट्टी

इगतपुरी हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शेती मुख्यतः भाताची. जूनमध्ये शाळा उघडते आणि रोपंही तेव्हाच टाकली जातात. जुलै-ऑगस्टमध्ये आवणी, म्हणजे भाताची लावणी. ती चिखलात वाकून, हातानं आणि थोड्या दिवसांत उरकायची असते. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. सातवीतली मुलगी एकतर आवणीला जाते किंवा आई आवणीला गेली म्हणून धाकट्याला सांभाळायला घरी राहते. दिवाळीच्या आगेमागे सोंगणी येते. ती उरकली की ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा नावापुरती आहे, अशी अनेक कुटुंबं ठाणे-पालघरकडे, भिवंडी-कल्याणच्या बाजूला वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. परतायची वेळ पुढच्या पावसाच्या तोंडावर.

हे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकावर ठेवून पाहिलं, तर पहिल्या सत्राचा मोठा तुकडा आणि दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण जातं. दोन वर्षं असं झालं की मूल वयानं सातवीत आणि वाचनानं तिसरीत असतं. मग ‘रस नाही’ हा शेरा येतो.

यावर उपाय कागदावर नाहीत असं नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी ‘शिक्षण हमी कार्ड’ आहे. ते दाखवलं की जिथे जाईल तिथल्या शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं. आई-वडील कामाला गेले तरी मूल गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये मागे पडलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घेऊन वेगळं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पण भट्टीवरचा दिवस पहाटे सुरू होतो, जवळची शाळा दोन-तीन किलोमीटरवर असते आणि अकरा वर्षांचं मूल तिथे विटा उलट्या करायला किंवा भावंडं सांभाळायला लागतं. कार्ड खिशात राहतं.

म्हणूनच १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेनं वसई-ठाणे पट्ट्यात शाळाच भट्टीवर नेली. भट्टीवरच्या मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून त्या ‘भोंगाशाळा’ म्हणून ओळखल्या गेल्या. त्याही आधी, १९५७ पासून, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांसाठी काम उभं केलं. त्यात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ होती, गुरं चरतात तिथेच भरणारी. या दोघींनी ‘मुलाला इच्छा नाही’ या निदानापासून सुरुवात केली नाही. मूल कुठे आहे, हे आधी पाहिलं.

शाळेचं वेळापत्रक वाकवता येत नाही, हाही समज खरा नाही. सहावी ते आठवीसाठी कायदा वर्षाला २२० दिवस आणि १००० तास मागतो. ते कोणत्या महिन्यांत भरायचे, यात जागा आहे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या अतिपावसाच्या पट्ट्यातल्या काही शाळा मोठी सुट्टी उन्हाळ्याऐवजी पावसाळ्यात देतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात आणि आवणी कधी सुरू होणार हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. बैठकीत हा विषय किती वेळा निघतो, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे.

बक्षीस आणि धाक

अभ्यास न करणाऱ्या मुलावर दोन उपाय सगळ्यांना सुचतात.

बक्षिसाबद्दल १९७३ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या मुलांना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं. काही दिवसांनी हीच मुलं मोकळ्या वेळेत इतरांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. आवडीच्या कामाला किंमत लावली की आवड उतरते, असा त्याचा अर्थ. पण हा प्रयोग उठसूट सगळीकडे लावण्यात अर्थ नाही. ज्या कामाची आवडच नाही, तिथे छोटं बक्षीस सुरुवात करून देऊ शकतं. अडचण पुढे येते, कारण दर महिन्याला तीच पाच मुलं स्टेजवर जातात आणि उरलेल्यांना बक्षीस समारंभ म्हणजे टाळ्या वाजवायची ड्युटी वाटते.

धाकाचं म्हणाल, तर आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणानं मुलं बिघडली, असं अनेक पालक आणि शिक्षक मानतात. २०१९ मध्ये केंद्रानं कायद्यात बदल केला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानं नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास जादा मार्गदर्शन आणि पुन्हा परीक्षा, त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात. यातला ‘जादा मार्गदर्शन’ हा भाग खरा महत्त्वाचा आहे आणि चर्चा नेमकी त्याचीच होत नाही. ज्याला जमेल असं वाटतं, त्याला परीक्षेची भीती अभ्यासाला बसवते. ज्याला जमणारच नाही असं वाटतं, त्याला तीच भीती शाळेबाहेर काढते. एकच छडी, दोन वेगळे परिणाम.

इगतपुरीत तिसराही उपाय सुचवला जातो, कारण तो गावातच आहे. सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ पासून उभं केलेलं ‘धम्मगिरी’ हे विपश्यनेचं मोठं केंद्र इथे आहे. आपल्या श्वासाकडे लक्ष देण्याची आनापानाची पद्धत ‘मित्र उपक्रमा’तून राज्यातल्या अनेक शाळांत पोहोचली. रोज दहा मिनिटं शांत बसल्यानं वर्ग स्थिर होत असेल तर उत्तमच. पण ज्याला परिच्छेद वाचता येत नाही, तो दहा मिनिटांनंतर शांतपणे न वाचता बसेल. लक्ष देण्याची सवय आणि वाचता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, एकीनं दुसरीची भरपाई होत नाही.

मग वर्गात काय करून पाहता येतं?

पहिलं काम म्हणजे प्रत्येक मूल नेमकं कुठे आहे ते एकट्यानं, बाजूला बसवून पाहणं. एक परिच्छेद वाचून घ्यायचा, एक भागाकार करून घ्यायचा. मुलामागे पाच मिनिटं. त्यानंतर रोज तासभर इयत्तेऐवजी पातळीनुसार गट. ‘प्रथम’नं गाजवलेली ही पद्धत लहान मुलांत बऱ्यापैकी तपासली गेली आहे. मोठ्या मुलांत मात्र मानाचा प्रश्न येतो. सातवीतल्या मुलाच्या हातात दुसरीचं ससा-कासवाचं पुस्तक दिलं, तर ते बरोबर पातळीचं असूनही त्याचा अपमान होतो. त्याला मजकूर सोपा पण मोठ्या माणसांचा हवा. एसटीचं वेळापत्रक, खताच्या गोणीवरच्या सूचना, मोबाईल रिचार्जचा मेसेज, रेशनच्या दुकानातला फलक.

गणिताला तर इगतपुरीत साहित्याचा तोटा नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर ४० चौरस मीटरचं असेल आणि वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर १ लाख २० हजार लिटर पाणी पडतं. हे गणित मुलांनी स्वतः टेपनं छप्पर मोजून केलं, की पुढचा प्रश्न कुणीतरी विचारतंच: मग एप्रिलमध्ये आपल्या वाडीवर हंडे घेऊन का फिरायचं? दारणा, मुकणे, भावली, भाम, वैतरणा एवढी धरणं याच तालुक्याच्या पाण्यावर आहेत आणि वैतरणेचं पाणी मुंबईपर्यंत जातं. गुणाकार, क्षेत्रफळ, भूगोल आणि नागरिकशास्त्र एका छपराखाली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फुटांचा चौरस. हे मैदानावर चुन्यानं आखलं, तर ‘वर्ग’ आणि ‘वर्गमूळ’ कायमचं डोक्यात बसतं. आवणीला गेलेल्या मुलीला एका गुंठ्यात किती जुड्या लागतात हे सरांपेक्षा चांगलं माहीत असतं. त्या एका तासापुरती ती शिकवणारी असते आणि तिच्या ‘जमेल का?’ या प्रश्नाला तिथे पहिल्यांदा वेगळं उत्तर मिळतं.

परत येणाऱ्या मुलाच्या बाबतीत पहिला दिवस निर्णायक असतो. ‘काय रे, आलास का एकदाचा?’ या वाक्यावर वर्ग हसतो आणि दुसऱ्या दिवशी जागा पुन्हा रिकामी दिसते. त्याऐवजी बुडालेल्या भागातलं अत्यावश्यक तेवढं काय, याची दोन-तीन पानं तयार असली, शेजारी बसायला एक सोबती ठरलेला असला आणि हजेरीत नाव जसंच्या तसं असलं, तर मूल टिकण्याची शक्यता वाढते. याला निधी लागत नाही, पण शिक्षकाचा वेळ लागतो. शाळाबाह्य कामांच्या याद्या भरण्यात तोच वेळ जातो, ही शिक्षकांची तक्रारही खोटी नाही.

‘उपयोग काय?’

हा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याचं उत्तर शाळेच्या भिंतीआड नसतं. मुंबई-नाशिक महामार्ग तालुक्यातून जातो, गोंद्याला कारखाने आहेत, जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही सुरू झाला. मुलाला हे सगळं रोज दिसतं. पण त्या कारखान्यात आत जायला काय शिकावं लागतं, आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी का लागते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ‘शिकून मोठा हो’ हे वाक्य त्याला काहीच सांगत नाही. वाडीतलाच दहावी होऊन फिटर झालेला दादा शनिवारी शाळेत येऊन अर्धा तास बोलला, तर बरंच सांगून जातो.

मुलींच्या बाबतीत उत्तर अनेकदा रस्त्यावर अडतं. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास पाचवीपासून मिळतो, पण त्यासाठी शाळेच्या वेळेला एसटी यावी लागते. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींना सायकल मिळते, ती आठवीपासून. सहावी-सातवीची दोन वर्षं पायी. नेमक्या याच वर्षांत पाळी सुरू होते. शाळेच्या स्वच्छतागृहाला पाणी नसेल, तर महिन्यातले चार दिवस तसेच जातात.

आठवीच्या अखेरीस आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क वयाच्या १४ व्या वर्षी आणि आठवीला संपतो. २०१६ मध्ये सुधारलेल्या बालमजुरी कायद्यातली कामावरची सरसकट बंदीही १४ वर्षांपर्यंतच आहे, त्यानंतर फक्त धोकादायक कामांना मनाई. म्हणजे ज्या वर्षी कायदा मुलाला शाळेत धरून ठेवणं थांबवतो, त्याच वर्षी कामावर जायची वाट मोकळी होते. भट्टीचा मुकादम दिवाळीनंतर उचल घेऊन दारात येतो, तेव्हा कुटुंबात कामाचे हात किती हे मोजतो. आठवीतल्या मुलाचे हात त्या मोजणीत यायला लागलेले असतात.